ज्याची कुठं सोयरीक नाय

नाय नाय, नथूकाका, खाली नको, खुर्चीवरच बसा — पुतणीचं स्थळ घेऊन आलेल्या माणसाला खाली बसवलं तर वाडीत माझं नाव निघेल. तर मी काय सांगत होतो — पंच. आपल्या मुरबाड-शहापुरात कबड्डी खेळणारी पोरं एकाला दोन, पण पंच? पंच बघितलेत तुमी? बघितलेच असतील, मंडळाचे अध्यक्ष तुमी, रविवारी तुमच्याच खैरटेपची सावरीपाड्याशी फायनल. पण मी बघितले तसे नसतील. एक होता, नाव नाय घेत — गोजर त्याचं नाव — तोंडात तंबाखू धरून शिट्टी मारायचा. शिट्टी वाजायचीच नाय, नुसती थुंकी उडायची, पोरं आपली एकमेकांच्या अंगावर पडून वाट बघायची. दुसऱ्याचा सख्खा भाचा चढाईला. भाचा मधे श्वास घेऊन, वर खोकून परत आला, तरी मामाचं म्हणणं दम सुटला नाय. दम! तो खोकला अख्ख्या धसईने ऐकला. आणि तिसऱ्याला दुपारी मटण घातलं की संध्याकाळी रेषाच दिसायची नाय. असा आपला दर्जा.

म्हणून तर कमिटीवाल्यांनी ती रीत पाडली ना — ज्याची दोन्ही गावांत सोयरीक नाय, तोच पंच. ऐकायला सोपं. पण काढा बरं तसा माणूस! हा त्याचा साडू, तो ह्याचा व्याही, कोणाची बहीण आसनगावला दिलेली, कोणाचा जावई वाशिंदच्या कंपनीत नि त्याची मावशी परत धसईत — कोणाला पण उभा करा, कुठंतरी नातं निघतंच. मग उरलं कोण? बाळाराम. आईबाप गेले, भाऊबहीण नाय, लग्न नाय. ब्याण्णव सालापासून शिट्टी माझ्याच गळ्यात. लोक म्हणतात बाळाराम लय सरळ माणूस. कसला सरळ, काका — कोणासाठी वाकडं वागू, घरात कोण हाय?

मुली बघितल्या नाय असं नाय. बघितल्या. एका घरी गेलो तर पोह्यांची बशी घेऊन मुलीचा भाऊ बाहेर आला, चांगला मिशीवाला बाप्या — त्याने मला बघितलं, मी त्याला बघितलं. त्याच्या आदल्याच माघात शेवटच्या मिनिटाला मी त्याला बाद दिलेला. बशी तशीच आत गेली. मुलगी बाहेर आलीच नाय. बरं, हरलेल्या गावाचं समजू शकतो, जिंकलेलं गाव तरी देईल? तिथले म्हणायचे, बाळारामभाऊ, तुमाला सोयरा केला तर पुढल्या साली पंच कुठून आणू? म्हणजे हरलेले रागाने देत नाय नि जिंकलेले प्रेमाने. हसू नका काका. बरं, हसा. मी पण हसतो कधीकधी, पण एकट्याने हसायचं म्हणजे — जाऊ दे.

तुमी अनिताचं नाव काढलंत, तर आता लपवून काय करू, ओळखतो मी तिला. दोन सालांपूर्वी तुमचाच सामना होता, तुमच्या अक्षयचा पाय रेषेबाहेर पडला, मी बाद दिला. झालं, तुमची माणसं मैदानात, ढेकळं उडायला लागली — एक इथं कानामागे बसलं, अजून टेंगूळ लागतं हाताला. तुमी नव्हता मारत, तुमी नुसते उभे होता, मी बघितलं. आणि बायांमधनं ही एक उठली नि ओरडली, पाय बाहेर होता, मी बघितला, त्याला कशाला मारता रे मेल्यांनो! सगळ्या गावासमोर. आपल्याच गावाविरुद्ध. इतक्या वर्षांत मला बरोबर म्हणणारं ते पहिलं माणूस, काका. मला काय करावं सुचेना, मी परत शिट्टी वाजवली, कशाची ते मलाच माहीत नाय. तेव्हापासून धसईच्या बाजारात तिच्याकडनं वांगी घेतो. मला वांगी चालत नाय, अंगाला खाज सुटते — घेतो नि शेजारच्या पारूकाकीला देतो. पारूकाकी पण आता कंटाळली. मला आवडते ती. झालं, बोललो. तुमचा सांगावा आला तेव्हा मी कुलूप लावायचं विसरून कामावर गेलो, असं माझं झालंय.

मग ठरलंच म्हणायचं. साखरपुडा सोमवारी? बरं, सोमवार चांगला वार — पण मी काय म्हणतो, शनिवारी करूया का? तसं नाय, मला घाई हायच, पण त्यातनं तुमाला पण बरं. शनिवारी साखरपुडा झाला की मी तुमचा जावई, मग रविवारी मी पंच नाय. रीतच हाय ती. कमिटी आणील कोणालातरी, अगदी गोजरला आणील. मी तुमच्या लोकांत बसेन, ओरडेन — काका, जन्मात सामन्याला ओरडलो नाय मी, घशाला सवय नाय, पण ओरडेन. काय म्हणता? मुहूर्त नाय? मग शुक्रवारी करू. आज करू, गूळ हाय घरात. पारूकाकीला हाक मारतो, चार माणसं जमतील — काका? कौलांत काय बघता?

सोमवारीच. म्हणजे रविवारी मी शिट्टी घेऊन मधे उभा पायजे. सोमवार डोक्यात ठेवून. आणि रविवारी खैरटेप हरलं, तर सोमवारी काय — तब्येत बरी नसेल कोणाची? नाय, सांगू नका, समजलं. मी पण काय खुळा, मटणवाल्याची गोष्ट तुमाला सांगत बसलो. अनिताला ठाऊक हाय हे? नाय ना. वाटलंच. तिला कळलं असतं तर तुमी इथवर पोचलाच नसता.

आता माझं ऐका. रविवारी मी उभा राहणार. पाय बाहेर गेला की बाद — तुमचा असो नि सावरीपाड्याचा असो. आणि सोमवारी मी येणार खैरटेपला. निकाल काय पण लागो. तुमाला विचारायला नाय, तिला विचारायला. तुमी दार लावून घ्या, मी ओट्यावर बसेन, ढेकळं मारा, बसेन. ती नाय म्हणाली तर तिचं नाय ऐकून घरी येईन, पण तिच्या तोंडचं ऐकेन. मला पायजे ती, काका, लय पायजे — म्हणून तर अशी नको.

उठा आता. नाय, चहा राहू दे, ठेवा तो कप. सामन्याच्या आधी संघाच्या माणसाने पंचाच्या घरी बसायचं नसतं.