जलघात आणि बंद बॉर्डर

...आणि वर ती पोरगी मला म्हणते, "मास्कमध्ये थुंक!" थुंक? अहो, दीड वर्ष मी दुधाच्या बाटल्यासुद्धा पुसून घेतल्या, कोपरात शिंकायला शिकलो, आणि ही टेगन, आमची डायव्हिंगची इन्स्ट्रक्टर, वय वर्षं चोवीस, मला म्हणते, "स्पिट इन इट, मेट! मग काच धुरकट होत नाही." मी बायकोकडे बघितलं... तर बायको ऑलरेडी थुंकत होती!

तुम्हाला सांगतो, मी तिथे असायलाच नको होतं. मी असायला हवं होतं पुण्यात, आईच्या पंच्याहत्तरीला. तिकिटं काढली, रद्द झाली, परत काढली, परत रद्द! कारण काय? तर बॉर्डर बंद! बरं, देशाची बंद ती बंद, माझा सख्खा भाऊ मेलबर्नला वेरिबीत राहतो, तिथेही जाता येईना, कारण काय? तर आमच्या क्वीन्सलंड राज्याची बॉर्डर बंद! उरलं काय? टूवूंबातलं आमचं घर आणि घरात मी न् चारुता. चारुता म्हणजे माझी बायको, फीवर क्लिनिकला नर्स आहे, दीड वर्ष रोज लोकांच्या नाकात काड्या घालतेय. एकदा शिफ्टवरून आली ती शूज न काढता दारातच बसली. म्हणाली, "शैलेंद्र, मला एक दिवस अशा ठिकाणी ने, जिथे कुणी खोकत नाही." आता असं ठिकाण पृथ्वीवर राहिलंय का? म्हणून तिनेच शोधलं... पाण्याखाली!

आणि माझ्या पत्रिकेत जलघात! हसू नका. बारशालाच गुरुजींनी सांगितलं, आणि आईने ते असं मनावर घेतलं, की शाळेच्या पोहण्याच्या टाकीला मी बाहेरून, खडकवासल्याला लांबून, आणि विसर्जनाला काठावर आरतीचं ताट धरून! वय चव्वेचाळीस, पण बादलीच्या पुढे मी गेलेलो नाही हो. चारुता म्हणाली, पोहता आलं नाही तरी चालतं, टेगन धरून नेते. मी आईला फोनवर सांगितलं, "ऑफिसचं ट्रेनिंग आहे." हो, खोटं बोललो. सांगू काय? तुझा मुलगा पाण्यात चाललाय, पाठीवर सिलिंडर घेऊन?

केर्न्सपर्यंत विमान, आमच्याच राज्यात म्हणून चाललं, तिथून बोट, एक बेट मागे टाकून थेट प्रवाळाच्या रांगेपाशी. खाली बघितलं. निळं... आणि त्याच्याखाली आणखी निळं. म्हटलं, नम्रपणे नाही म्हणून टाकू. आता आपल्याकडे नाही म्हणायची पद्धत काय? आधी खाकरायचं. आमचे बाबा खाकरले की अख्खं घर गप्प व्हायचं. मी उभा राहिलो, आणि दणदणीत खाकरलो...

बोट गप्प! वीस माणसं डावीकडे, मी एकटा उजवीकडे, बोट कलली हो! कॅप्टन वरून ओरडला, "यू क्रूक, मेट?" इथे क्रूक म्हणजे चोर नाही हो, आजारी! "आजारी असशील तर सगळे परत! टेस्ट, आयसोलेशन, सगळ्यांनाच!" टेगनने कपाळावर ते तापाचं पिस्तूल रोखलं. ताप नाही! पण विश्वास कुणाचा? एक आजीबाई दोन्ही हात जोडून, "प्लीज, लव्ह, नॉट टुडे!" आणि चारुता... ती नुसती बघत राहिली, डोळे भरून आलेले. आता माणसाने ठणठणीत असल्याचा पुरावा द्यायचा तरी कसा? म्हटलं, "नो वरीज, नो वरीज, घसा साफ केला नुसता!" तोंडात नळी कोंबली आणि मारली उडी!

आणि खाली काय सांगू... शेकडो मासे, अंगाला अंग घासून, दीड मीटरचं अंतर नाही, चेक-इनचा क्यूआर कोड नाही, कुणी कुणाला विचारत नाही की कुठल्या स्टेटमधून आलास! एक जाड ओठांचा मासा तर माझ्या काचेशी येऊन, हा कोण बावळट, असं बघून गेला. टेगनने माझी कॉलर धरलेली, चारुताने हात. आणि चारुता हसली हो, तोंडात नळी असून हसली, बुडबुडेच बुडबुडे! दीड वर्षात पहिल्यांदा. आणि खरंच कुणी खोकत नव्हतं. मला फार बरं वाटलं. तेव्हा जलघात झाला असता तरी चाललं असतं.

तो झाला वर आल्यावर. चारुताने आनंदाच्या भरात आमचा पाण्याखालचा फोटो टाकला... फॅमिली ग्रुपवर! दोन मिनिटांत आईचा फोन. मी डोळेच मिटले.

"शैलू, किती खोल गेला होतास?"

"आठ मीटर. आई, सॉरी, मी..."

"तिथे बॉर्डर होती का रे?"

"पाण्याखाली कसली बॉर्डर, आई?"

"मग तसाच पुढे का नाही आलास?"

घसा दाटून आला, आणि खाकरायची तर सोय नाही! कसंबसं म्हटलं, "अगं, मला पोहता कुठे येतं? तूच कधी टाकीत उतरू दिलं नाहीस!"

"मग शीक आता!"

"आणि जलघात?"

"त्याचं मी बघते!"

म्हणून सांगतो, सध्या दर मंगळवारी आणि गुरुवारी मी टूवूंबाच्या पूलमध्ये असतो, फोमची फळी धरून, पाच वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये, आणि ती पोरं मला ओरडतात, "किक हार्डर, मेट!" मारतो लाथा. करणार काय? बॉर्डर बंद!