अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील आणि आमचे मामा

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्राचार्या बाई, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपल्या प्रयोगशाळेचे मामा, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या मामी, आणि विद्यार्थी मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. प्राणिशास्त्राच्या माणसाचं पाच मिनिटांत झुरळसुद्धा पूर्ण होत नाही, तरी बघतो.

अ‍ॅरिस्टॉटल जाऊन तेवीसशे वर्षं झाली. त्याच्या नावाने काय काय आहे म्हणता? चंद्रावर भलंमोठं विवर आहे, एक लघुग्रह आहे, झुडपांचा एक गट आहे. आणि समुद्रातला तो काट्यांचा गोळा, सी-अर्चिन, त्याच्या जबड्यालाही 'अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात. त्याने एकदा कंदिलाची उपमा दिली, झालं! आणि आमचे मामा? छत्तीस वर्षं या इमारतीत राबले, पण साध्या कपाटावरही त्यांचं नाव नाही.

हा जबडा म्हणजे चाळीसएक तुकड्यांचं प्रकरण. मांस काढायला औषधात टाकला की सुटा व्हायचा. माझी दोन वर्षं त्यात गेली, हाती नुसता चुरा. एका दुपारी मामांनी तो आधी शिवणाच्या दोऱ्याने बांधला, औषध निम्म्याहून पातळ केलं आणि मग आत सोडला. बाहेर आला तो अख्खा. हे सुचलं कसं, विचारलं, तर म्हणाले, तान्ह्या बाळाला आपण आधी नीट धरतो, मग पाणी घालतो, तसंच.

मी ते लिहून काढलं. छापून आलं. शेवटी बारीक अक्षरात 'प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचे आभार' एवढं टाकलं आणि स्वतःला उदार समजलो. आज पाठ्यपुस्तकात त्या पद्धतीला माझं आडनाव आहे. मी कधी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

अध्यक्ष महोदय, दोनच मिनिटं. मामांची मुलगी आमचीच विद्यार्थिनी. तिची तोंडी परीक्षा मी घेतली. कंदील पुढे ठेवला आणि विचारलं, ही पद्धत कोणी शोधली? कशाला विचारलं असेल मी? ऐकायचं होतं, दुसरं काय! ती म्हणाली, "सर, तुम्ही." मी पैकीच्या पैकी गुण दिले. मामा चार हातांवर बेसिनपाशी ट्रे धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी मी त्यांना गाठून विचारलं, बोलला का नाहीत? म्हणाले, "तिची परीक्षा होती, सर."

याला अकरा वर्षं झाली. आज ती दुसऱ्या महाविद्यालयात हीच पद्धत माझ्या नावाने शिकवते. बाळ, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस. त्या दिवशीचं तुझं उत्तर चूक होतं. ही पद्धत तुझ्या वडिलांची आहे. प्रकाशकांना मी तसं पत्र काल पाठवलं. अकरा वर्षं उशिरा पाठवलं, याची मला लाज वाटते.

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. मामा, तुमची मात्र मी आज माफी मागणार नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन मोकळे व्हाल.