माझ्या हसण्याचा खुलासा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या वीज कार्यालयाचे मुख्य अभियंता साहेब. प्रमुख पाहुणे म्हणून मुद्दाम वेळ काढून आलेले, ताणतणाव व्यवस्थापनाचे मार्गदर्शक सर. माझे सहकारी बंधू-भगिनी. शेवटच्या रांगेत, चहा आधी कुठे पोचेल याचा अंदाज घेऊन दाराजवळ बसलेले माझे यजमान. त्यांच्या शेजारी माझी लेक. आणि पहिल्या रांगेत अगदी ताठ बसलेली, सोमवारपासून माझी तक्रार खिडकी एकटीने सांभाळणारी आमच्या ऑफिसातली धाकटी. सगळ्यांना माझा नमस्कार.

इतकं कौतुक ऐकल्यावर ‘मी भारावून गेले आहे’ असं म्हणायची पद्धत आहे. मीही भारावले आहे. साहेब, भार हा शब्द तुमच्या खात्यातला, तेव्हा तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त कळेल.

माझ्याआधी जे जे बोलले, त्या सगळ्यांनी फिरून फिरून एकच गोष्ट सांगितली. बाई कधी चिडल्या नाहीत. बाईंचं हसू कधी मावळलं नाही. म्हणून तर नावच पडलं, हसऱ्या बाई. साहेब तर म्हणाले, ‘हसऱ्या बाई म्हणजे आपल्या कार्यालयाचा बर्फ!’ बर्फ हसतो की नाही मला माहीत नाही, पण साहेब इंजिनिअर आहेत, काही विचार करूनच म्हणाले असतील. आपल्याकडे कर्मचाऱ्याच्या हातून जरा काही घडलं की लगेच खुलासा मागवतात. उशीर का झाला, खुलासा द्या. शिक्का उलटा का मारला, खुलासा द्या. एवढी वर्षं मी शिव्या खाताना हसत होते, त्याचा खुलासा मात्र कुणी मागितला नाही. तो आज मी न मागता, तोंडी देणार आहे.

ज्यांनी आमची खिडकी फक्त जाता-येता पाहिली, त्यांच्यासाठी सांगते. एक काच आहे, काचेला तोंडाएवढं भोक आहे आणि त्या भोकातून अख्ख्या शहराचा राग आत येतो. लाइट गेला म्हणून माणूस फारसा चिडत नाही. समोरच्या इमारतीत लाइट आहे हे दिसलं की चिडतो, आणि मग आमच्याकडे येतो. ‘बाई, तुमच्या घरी लाइट आहे ना? मग तुम्हाला काय कळणार!’ आता त्यांना काय सांगू, आमच्या घरीही त्याच वायरमनची वाट बघतात. खिडकीच्या आतल्या बाजूला, फक्त आम्हालाच दिसेल असा, एक फलक लावलेला आहे. ‘हसा, ग्राहक तुमच्याकडे बघतो आहे.’ मला नेहमी वाटायचं, ही सूचना आहे की धमकी?

सरांच्या शिबिराचा उल्लेख केला नाही तर मी कृतघ्न ठरेन. कामाचा ताण कमी व्हावा म्हणून ते शिबिर सुटीच्या दिवशी ठेवलं होतं, आणि जो येणार नाही त्याची एक रजा कापणार होते. त्यामुळे सगळे अगदी तणावमुक्त मनाने हजर झाले. सरांनी पडद्यावर एक वाघ दाखवला. म्हणाले, वाघ समोर आला की शरीर आपल्याला न विचारता तयारीला लागतं. काळीज धडधडतं. श्वास वरच्यावर चालतो. तोंड कोरडं पडतं. पोट आपलं काम थांबवतं, कारण त्या क्षणी खाल्लेलं पचवण्यापेक्षा आपण स्वतः पचले न जाणं महत्त्वाचं असतं. रक्त हातापायांकडे धावतं. कशासाठी? तर लढायचं, नाहीतर पळायचं. वाघ गेला की शरीर हळूहळू निवतं. फार छान समजावलंत सर, हे मी मनापासून सांगते.

तेव्हा मी हात वर केला होता. म्हटलं, ‘सर, वाघ सकाळी दहाला येऊन संध्याकाळपर्यंत रांगेतच उभा असेल तर? आणि दर वेळी त्याला, आपली काय सेवा करू, असं विचारायचं असेल तर?’ सर म्हणाले, ‘प्रश्न शेवटी घेऊ.’ शेवटी जेवण होतं.

हसा, हसा. हसायला पैसे पडत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

उत्तर मिळेना म्हणून मी आपली डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, सकाळी खिडकीची झडप वर सरकवताना पोटात गोळा येतो. त्यांनी सोनोग्राफी केली. गोळा सापडला नाही. म्हटलं, हातपाय गार पडतात. त्यांनी मोजे घालायला सांगितलं. कुणी आवाज चढवला की माझ्या मानेवर लाल चट्टे उठतात, तर म्हणाले, साबण बदला. मी साबण बदलला आणि गळ्याला स्कार्फ गुंडाळायला लागले. त्या स्कार्फची तुम्हा मैत्रिणींमध्ये केवढी चर्चा! बाईंना काय हौस आहे, रोज नवा स्कार्फ! आज निरोपाची भेट म्हणूनही तुम्ही मला स्कार्फच दिलात. रंग छान आहे.

मग दाताच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली. माझ्या दाढा पार सपाट झाल्या होत्या. ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही झोपेत दात खाता. कुणावर खाता?’ म्हटलं, ‘डॉक्टर, ऑफिसच्या वेळेत परवानगी नाही हो.’

आपण काय काय बोलतो बघा. घशाला कोरड पडली, तोंडचं पाणी पळालं, कानशिलं तापली, पाय लटपटले, बोबडी वळली. शाळेत यांचा वाक्यात उपयोग करा म्हणायचे. मी आयुष्यभर खिडकीत उपयोग केला. आपल्याला वाटतं ही बोलायची रीत आहे. अहो, ही शरीराची तक्रार आहे! आणि तक्रार निवारण विभागात बसलेल्या बाईला स्वतःची तक्रार कुठे नोंदवायची ते कळेना, यापेक्षा मोठा विनोद कुठला?

आता साहेबांनी एवढ्या अभिमानाने ज्या दिवसाची आठवण काढली, त्याबद्दल सांगते. मोठा ट्रान्सफॉर्मर जळला होता. अर्ध्या शहरात दोन दिवस अंधार. खिडकीसमोर ही गर्दी! एका गृहस्थाने हातातलं हेल्मेट काचेवर आपटलं आणि काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. साहेब आत्ता म्हणाले, ‘बाई जागच्या हलल्या नाहीत.’ अगदी खरं आहे. मला हलताच येत नव्हतं! पळायचं होतं हो मला, पण पाय माझं ऐकेनात. ओरडायचं होतं, तर आवाज फुटेना. जबडा असा घट्ट बसला की ओठ दोन्हीकडे ताणले गेले, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला. तो वार्षिक अहवालात छापून आला, खाली ओळ, ‘संकटातही हसतमुख सेवा.’ आमची आई याला दातखीळ म्हणायची. सगळेजण त्याला धैर्य म्हणाले, आणि मीही ते पदक घेऊन घरी गेले.

त्या गडबडीत ज्यांच्या शरीराने अगदी शास्त्राप्रमाणे काम केलं, असे एकच गृहस्थ होते. आमचे साहेब. वाघ दिसला, रक्त पायांकडे धावलं, आणि साहेब मागच्या दाराने जागेची पाहणी करायला गेले. मी टोमणा मारत नाही. हे निरोगी माणसाचं लक्षण आहे. सर, पुढच्या शिबिरात वाघाच्या शेजारी साहेबांचा फोटो जरूर लावा.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी मला नीट बसवून समजावलं. म्हणाल्या, ‘तुमच्या काळजाला काही झालेलं नाही. रोज दिवसभर ते तुम्हाला पळायला सांगतंय आणि तुम्ही खुर्चीवर बसून राहताय. शरीर जे पेटवतं, ते कुठेतरी खर्च व्हावं लागतं. धावून, थरथरून, रडून, भांडून, कसंही. तुम्ही ते कुठे खर्च करता?’ मला उत्तर माहीत होतं. माझी लेक बालवाडीत असताना तिला एकदा ऑफिसात आणलं होतं. दिवसभर ती माझ्या खुर्चीमागे बसून मला लोकांशी गोड गोड बोलताना बघत होती. घरी गेल्यावर तिच्या हातून दूध सांडलं आणि मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारच्यांनी दार उघडलं. तेव्हा ती म्हणाली, ‘आई, ती ऑफिसातली आई तू घरी का नाही आणत?’

तिला वाटत होतं, चांगली आई ऑफिसात ठेवलेली आहे. त्या दिवशी मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं कुठल्याही ग्राहकाच्या शिवीने वाटलं नाही. यजमान तेव्हा म्हणाले होते, ‘सोडून दे ती खिडकी.’ पण घर चालवायचं होतं.

साहेब घड्याळ बघताहेत. झालंच, साहेब. तुमचा उजवा पायही मघापासून टेबलाखाली हलतोय. राहू द्या, दाबू नका, त्याने बरं वाटतं.

आता मी हे सगळं आज का उकरून काढलं? निवृत्त होतेय, हार घ्यावा, चहा प्यावा, घरी जावं. तेच करणार होते. पण मागच्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली. आमच्या खिडकीत दोन खुर्च्या आहेत, एक माझी, एक धाकटीची; ती यायच्या आधी मी एकटीच बसायचे. मी एवढंच मागितलं होतं की माझ्या जागी कुणीतरी द्या, म्हणजे एकीला असह्य झालं तर ती उठून चार पावलं चालून येईल, तोवर दुसरी बघेल. उत्तर आलं की दुसऱ्या खुर्चीची आवश्यकता नाही. का? तर ‘आधीच्या कर्मचारी कित्येक वर्षं एकट्याने, हसतमुखाने काम करत होत्या.’

म्हणजे बघा, माझं हसू पुरावा म्हणून वापरलं गेलं. या पोरीच्या विरोधात!

तुम्ही तिला कौतुकाने दुसऱ्या हसऱ्या बाई म्हणता. मी तिच्या शेजारी बसते. कुणी ओरडायला लागलं की ती दोन्ही अंगठे मुठीत दडवते. तिचा डबा जसा येतो तसा परत जातो. खणात अॅसिडिटीच्या गोळ्या आहेत. परवा एका माणसाने तिला नाही नाही ते ऐकवलं, ती गोड हसत होती, आणि नंतर पाणी पिताना तिने पेला दोन्ही हातांनी धरला होता. साहेब तिथून जाता जाता म्हणाले, ‘या वयात केवढा संयम!’ साहेब, तुमच्या नजरेला काय म्हणावं!

तर या भरसभेत मी माझं हसू मागे घेते. ती सेवा नव्हती, तो संयम नव्हता. एक घाबरलेली बाई होती. तिच्या नावावर कुणाची खुर्ची कापू नका.

सूत्रसंचालक खुणावताहेत. कार्यक्रमपत्रिकेत पुढे आहे, ‘खिडकीची किल्ली नव्या बाईंच्या हाती सुपूर्द करणे.’ ये ग, वर ये. टाळ्या नकोत, थांबा. हात दे इकडे.

बघा, काय गार आहे! या सभागृहात आपण सगळे घामाघूम झालोय आणि हिचा हात पाहा. साहेब, धरून बघता? नको? सर, तुम्ही तरी. लागला ना गार? आता तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय, सर, तुम्ही तो वाघ उगीच शिकवत नव्हता.

बाळ, माझ्याकडे बघ. तुला आत्ता हसू येतंय का? मग नको हसू. रडू येतंय तर येऊ दे, इथे कुणी ग्राहक नाही. असं. खांदे खाली सोड. घे, माझा स्कार्फ घे, नाक पूस. नवा आहे, असू दे.

ही किल्ली मी हिला देत नाही. साहेब, उठायचे कष्ट घेऊ नका, मीच तिकडे येते. घ्या. दुसऱ्या खुर्चीवर माणूस येईपर्यंत ही तुमच्याकडे राहू द्या. धाकटी सोमवारी रजेवर आहे, तिच्या रजेच्या अर्जावर तुम्हीच काल न वाचता सही केलीत. आता खिडकी तर बंद ठेवता येत नाही, नियमच आहे तुमचा.

आपण सगळ्यांनी माझं एवढं ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आयोजकांचे आणि मागच्या रांगेतल्या माझ्या दोन माणसांचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी शोभणार नाही असं काही माझ्याकडून बोललं गेलं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर पोटात घाला. आणि पोटात घालवत नसेल, तर सोमवारी सकाळी दहा वाजता खिडकीवर येऊन रीतसर तक्रार करा. साहेब स्वतः बसलेले असतील. हसतमुखाने ऐकून घेतील.