गाडी सोडून कुठे निघालात?

बायको: एवढ्या लवकर घरी? म्हणजे काढलंच ना तुम्हाला?

नवरा: अगं, चपला तर काढू दे.

बायको: काढा. पण खरं काय ते एका दमात सांगा. नोकरी गेली तर गेली, मी शिवणकाम वाढवीन. पण घरातला हा आरडाओरडा आता मला झेपत नाही. परवा डब्याचं झाकण निघेना म्हणून तुम्ही डबाच भिंतीवर फेकलात. तुमच्या पावलांचा आवाज आला की पोरगी पुस्तक उचलून आतल्या खोलीत जाते. दादाला मी सांगून ठेवलंय, आज चौकशीत काय व्हायचं ते होवो, उद्या मी तिला घेऊन तुझ्याकडे येतेय.

नवरा: हे मला माहीत नव्हतं.

बायको: तुमच्याशी बोलायची सोय कुठे राहिलीय?

नवरा: बरोबर आहे. बस जरा. आज काही लपवत नाही. त्या दिवशी भरलेली बस रस्त्यात उभी करून मी गेलो, ते इंजिन तापलं म्हणून नाही.

बायको: तेवढं मलाही कळलं होतं. मग कशासाठी?

नवरा: लघवीसाठी.

बायको: काय?

नवरा: हसू नकोस. सकाळपासून दाबून धरली होती. सिग्नलला थांबलो, समोर पेट्रोल पंप दिसला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी बाजूला घेतली आणि पळालो. परत आलो तर प्रवासी खवळलेले. भरल्या गाडीसमोर काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, इंजिन तापलंय. डेपोत मेकॅनिकने बघितलं तर इंजिन बिचारं थंडगार. म्हणजे गाडी सोडली हा एक गुन्हा आणि खोटं बोललो हा दुसरा.

बायको: पण शेवटच्या थांब्यावर जाऊन यायचं ना.

नवरा: तिथे पोचतो तेव्हाच परतीची वेळ झालेली असते. स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप. किल्ली फेऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या कंट्रोलरकडे आणि कंट्रोलर स्टँडच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन येईपर्यंत फेरीला उशीर, की लागली माझ्या नावापुढे लाल खूण. म्हणून आम्ही कुणी पाणीच पीत नाही.

बायको: थांबा. मी रोज बाटली भरून देते. ती रिकामी येते.

नवरा: डेपोच्या कुंपणाशी एक झाड आहे, त्याला घालतो. सगळेच घालतात. अख्ख्या डेपोत तेवढं एकच टवटवीत आहे.

बायको: आणि मी समजत होते, नवरा निदान पाणी तरी वेळेवर पितो. अहो, म्हणूनच डोकं दुखायचं तुमचं.

नवरा: डोकं दुखणं, चिडचिड, सगळंच त्यातलं. आणि वरच्यांना वाटायचं, ड्रायव्हर लोक मुळातच तापट. मग आमच्यासाठी ताणतणावावर व्याख्यान ठेवलं. एक गृहस्थ आले, म्हणाले, राग आला की डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या. मागून कुणीतरी विचारलं, गाडी चालू असताना मिटायचे का?

बायको: (हसू दाबत) मग आज चौकशीत काय झालं?

नवरा: वाचली नोकरी. त्या नव्या वाहतूक अधिकारी आल्यात ना, त्या बाईंमुळे. मी तर त्यांना घाबरूनच होतो. तक्रार आल्यावर एक दिवस माझ्या गाडीत बसल्या, अगदी माझ्या पाठीमागे, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत. मला वाटलं, आल्या माझ्या चुका टिपायला. दुपारी शेवटच्या थांब्यावर उतरल्या, त्या कुलपाकडे बघितलं, आणि मी गाडी वळवतोय तोच पळत येऊन चढल्या. चेहरा पार उतरलेला. हळूच म्हणाल्या, "तुम्ही रोजचा दिवस असाच काढता?" मी नुसती मान हलवली.

बायको: बाईमाणूस आहेत, त्यांना कळणारच.

नवरा: कळतं पुष्कळांना गं. पुढे कोण काय करतं? आता ऐक. आज चौकशीला मोठे साहेब, त्यांचे अधिकारी, आणि मी कोपऱ्यात उभा. साहेबांचं ठरलेलं, याला घरी बसवा. बाई म्हणाल्या, ते बघू, पण आधी वेळापत्रकावर बोलू. सगळ्यांना चहा मागवला. मग सरबत. मग परत चहा. आणि बोलत राहिल्या. एकेक मार्ग, एकेक थांबा, काही घाई म्हणून नाही. एक अधिकारी उठायला लागले, तर गोड आवाजात म्हणाल्या, "एवढी फेरी पुरी होऊ द्या." ते बसले. मग साहेबांचा एक पाय हलायला लागला. मग दोन्ही. पंखा का बंद आहे म्हणून शिपायावर खेकसले. पंखा चालू होता.

बायको: अगदी तुमच्यासारखं.

नवरा: शेवटी साहेब खुर्ची मागे सरकवून उठलेच आणि दाराकडे निघाले. बाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, प्रवासी बसलेत. गाडी सोडून कुठे निघालात?"

बायको: असं म्हणाल्या? मोठ्या साहेबांना?

नवरा: तोंडावर. साहेब दारात थांबले, माझ्याकडे बघितलं आणि गेले. परत आले तेव्हा आवाज खाली आला होता. म्हणाले, प्रत्येक फेरीनंतर थांबायला वेळ द्या आणि ते कुलूप आजच काढा. मग मला म्हणाले, "खोटं बोलायची पाळी आम्हीच आणली तुमच्यावर."

बायको: काय बाई आहेत. तुमच्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावली की हो त्यांनी.

नवरा: लावलीच. इतकी वर्षं मी ही गाडी चालवतोय, पण साधं "मला जायचंय" म्हणायची हिंमत झाली नाही माझी. बाहेर आल्यावर हात जोडले, तर म्हणाल्या, "ते राहू द्या. घरी कुणावर ओरडत होतात का?" मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "मग आज सुट्टी घ्या आणि त्यांना कारण सांगा. कारण कळलं नाही की माणसं स्वतःलाच दोष देत बसतात." म्हणून लवकर आलो. दादाकडे जायचं असेल तर मी अडवणार नाही. ताण होता हे खरं, पण डबा फेकणारा हात माझाच होता.

बायको: मला वाटायचं, मीच कुठेतरी कमी पडतेय. स्वयंपाकात, घरात, बोलण्यात. अंथरुणावर पडल्या पडल्या आठवत राहायचे, आज आपलं काय चुकलं.

नवरा: तुझं काहीच चुकलं नव्हतं.

बायको: हे आधी एकदा म्हणाला असतात तर. असो. दादाला कळवते, उद्याचं राहू दे. नुसतं उद्याचंच म्हणतेय हं मी.

नवरा: तेवढं पुष्कळ झालं.

बायको: पोरगी येईलच आता शाळेतून. तिलाही हे सगळं सांगा, लघवीसकट. तीही शोधत बसली असेल, आपलं काय चुकलं ते.