पाठीवर पाय

—नको, पिशवी नको भरू माझी. ठेव ती लुगडी परत कपाटात. रामप्रसादनं फोनवर सांगितलं म्हणून भरायलीस, व्हय ना? तो सांगंल, त्याला काय. मोठा लेक हाय माझा, पण अजून मी त्याच्या गाठोड्यातली झाले नाय. ठेव म्हणलं ना — आन् ती चटई आण इकडं. दारात टाक. दार सताड उघड. माझं डोकं उंबऱ्याकडं आलं पाहिजे, पाय घरात. हां, अशी. कामून ते विचारू नको — तू तसं पण काही विचारीत नाहीस म्हणा. लगीन होऊन या घरात आलीस तवापासून तुझा आवाज मला नीट ओळखूच आलेला नाय. नळ आला की तेवढं "आत्याबाई, पाणी" म्हणतीस. तेवढीच आपली बोलचाल.

आन् त्या पाण्यानंच तर माझा घात केला. आठ-आठ दिवस नळ कोरडा, आन् आला की माणूस येड्यावाणी पळतंय. तुझ्या हातावरची मेंदी पण उतरली नव्हती, म्हणलं नव्या पोरीला कशाला उठवायचं, मीच भरते. भरली कळशी टाकीत ओतायला डोक्याच्या वर नेली, आन् कमरंत वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला — तुला नसंल आला, मला आला, माझ्याच आतून. मग कळशी एकीकडं, मी एकीकडं. आणि लोक म्हणत्यात मी वरडले. मी नाय वरडले. कळशी वाजली ती. — बरं, वरडले असंल जराशी. तू अशी बघू नको माझ्याकडं, तूच तर पळत आलतीस पहिली. तुला ठावच हाय.

बस खाली, उभी राहून मला मान वाकडी करायला लावू नको. रामप्रसाद चहाच्या टायमाला येतो म्हणलाय, गाडी घेऊन. देवगाव रंगारीला नेणार आईला. "आई, हवापालट होईल." हवापालट! त्या वाड्याच्या मागच्या — वाडा कसला, पत्र्याच्या दोन खोल्या — मागच्या पडवीत खाट टाकलीय म्हणं रत्नमालानं. चांगली हाय सून, मी नाव ठेवीत नाय, पोटभर घालंल खायला. पण ती खाट माझ्या ओळखीची हाय, सायली. तुझे सासरे त्याच खाटंवर गेले. मालकांचा नुसता पाय मुरगळलेला, दुसरं काय नाय. म्हणले, पडतो जरा. सगळे म्हणले, पडा, पडा, आम्ही हाव ना. ताट खाटंवर, चूळ खाटंवर, बिडी खाटंवर. ते पडले ते पडलेच. माणसाला उठायचं कारणच ठेवलं नाय तर ते कशाला उठंल? — आता मलाबी तिथंच नेऊन ठेवायलेत. सोमनाथला विचारलं, तुझा नवरा म्हणला, "दादा म्हणतो ते बी खरंय आई." त्या कंपनीच्या बसमधी उभ्यानं झोपून-झोपून त्याला सगळ्यालाच व्हय म्हणायची सवय लागलीय.

रामप्रसाद फोनवर काय म्हणला, ते ऐकलंस ना तू? फोन स्पीकरवर व्हता, तू भाजी निवडीत व्हतीस, आन् निवडता निवडता थांबलीस. म्हणला, "आई चार घरांपलीकडच्या दुकानापर्यंत चालत गेली असती तर मी चल म्हणलो असतो का? तिला उंबरा तर ओलांडता येईना!" — बरोबर बोलला. त्यात काय खोटं? हाड जुळलंय, डॉक्टरनं फोटो खिडकीला धरून दाखवला, म्हणला, मणका दबला व्हता, आता धरलाय, आता चालायचं तुमच्यावर हाय मावशी. ती फिजिओवाली पोरगी येती, ती पण तेच — चला आजी, एक पाऊल, शाब्बास आजी. शाब्बास म्हणायला मी काय बालवाडीत हाव? पण खोलीत चालते, मोरीपर्यंत चालते, आन् उंबऱ्यापाशी आले की — ऊन लई हाय. चप्पल सापडंना. समोर मोटरसायकली लावल्यात. हेच सांगितलं ना तुला रोज? ऊन-बिन काय नाय गं. पुढं तीन पायऱ्या हायेत. पाय खाली टाकायला उचलला की माझं सगळं आंग त्या तुराटीची वाट बघत थांबतंय. आता मोडंल. आता मोडंल. — हे तू सोमनाथला सांगू नको. तू तर कुणालाच काय सांगत नाहीस, तुझी मला फिकीर नाय.

फिकीर त्या बघायला येणाऱ्यांची. घर नुसतं सफरचंदांनी भरलं. गल्लीतला एक माणूस राहिला नाय यायचा. आणि कोण कोण? ज्यांच्या पाठीवर मी पाय ठेवला ते! नानासाहेब — एवढा मोठा माणूस, इस्त्रीचा सदरा — त्यांना उसण भरली की मध्यरात्र बघत नव्हते, दिवस बघत नव्हते, आपल्या दारात पालथे पडायचे. ह्याच जागी, असंच, डोकं उंबऱ्याकडं. मी पायाळू ना! आईच्या पोटातून आधी माझे पाय आले, मग मी. आमचे लोक मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे, तिथं कुणाची कंबर धरली की मला बोलवायचे. एवढीशी व्हते मी, मोठमोठ्या बाप्यांच्या पाठीवर पाय ठेवायचे. आन् ठेवून झालं की म्हणायचं — ऊठ. मागं बघू नको. चालू लाग. बस्स. एवढीच विद्या. लोक उठायचे, चालू लागायचे. इथं शहरात आले, तर इथल्या गल्लीत पण तेच. करुणाताई, कॉलेजात शिकवती ती, म्हणायची, "माझा यावर विश्वास नाही हो सारजाबाई," आन् पालथी पडायची.

तर हेच सगळे खुर्चीवर बसून मला म्हणत्यात, "आता आराम करा बाई. लई केलं." एकेकानं इलाज सांगितला — एरंडाची पानं, गरम वाळू, अमक्याचं तेल, तमक्याचा ताईत. आन् पुंजाराम तर — तो टोपीवाला गं, दात पुढं असलेला — सफरचंद पण माझंच सोलून खाल्लं, आन् हसून म्हणतो कसा, "बाई, सगळ्या गल्लीच्या पाठीवर पाय ठेवला, पण स्वतःच्या पाठीवर स्वतःचा पाय काय पोचंना!" सगळे हसले. मी पण हसले. हसले म्हणजे तोंड केलं तसं. मग ते गेल्यावर तू खुर्च्या उचलत व्हतीस, आन् पुंजारामची खुर्ची तू जरा जोरात आपटलीस. बघितलं मी. मला सगळं दिसतंय, माझी कंबर गेलीय, डोळे नाय.

आणखी काय काय दिसतंय, सांगू? तू आंघोळीला गेलीस की मी तो वॉकर घेऊन खोलीत हिंडते. लोकांपुढं त्याला मी हात लावत नाय, म्हणते, ते म्हाताऱ्यांचं. पण तू मोरीत गेलीस की हिंडते. आन् तू बाहेर यायच्या आधी बादली धडाधडा वाजवतीस. एक अंघोळ करायला एवढी बादली कोण वाजवतं? मला परत खाटंवर जायला वेळ मिळावा म्हणून. — लाजू नको. सुरुवातीला माझं सगळं आंग धुतलंस तू, नव्या चुड्याच्या हातांनी, तवा लाजून झालंय आपलं. मी भिताडाकडं तोंड केलं व्हतं आन् तू छताकडं. त्या छतावर काय लिहिलं व्हतं गं एवढं? — हसलीस. हसतीस तर बरी.

आता खरं ते बोलते. ऐक. पाडव्याच्या आधी ते अवकाळी आभाळ आलं व्हतं, गारा पडल्या, वीज कडकडली — आठवतं? सगळी गल्ली पोरांसकट गारा वेचायला बाहेर. मी खाटंवरून हाक मारली, सायली, वाळलेले कपडे काढ. तू कुठं व्हतीस? गव्हाच्या कोठीमागं. कानात बोटं. आन् पायातली जोडवी काढून मुठीत धरलेली. तीन-चार महिन्यांची नवरी, आन् पायात जोडवी नाय! दुसरी सासू असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी काय बोलले नाय, व्हय ना? कामून बोलले नाय? कारण मी पण काढायचे. नवी असताना, ह्यांच्या आईच्या चोरून. वीज कडाडली की आंगावर लोखंड नको, चांदी नको, काही नको — पायाळू माणसाला वीज शोधत येती, हे तुला आईनंच सांगितलं असंल. तिनंच बजावलं असंल, सासरी बोलू नको, लोक नावं ठेवत्यात, पायाळू सून म्हणजे घरावर वीज. म्हणून तू तोंडच शिवलंस. एक गोष्ट लपवायची म्हणून बाकीच्या पण सगळ्या गिळल्या.

—मान हलवू नको, नुसती. व्हय म्हण. — म्हणलीस. बरं वाटलं.

वीज-बिज काय येत नाय, पोरी. मी त्रेसष्टीची झाले, मला कळशीनं पाडलं, आभाळानं नाय. आता ऊठ. हां, तू. मी पालथी झाले, फिजिओवाली रोज असंच पालथं झोपवती, काही होत नाय. कमरंचा पट्टा काढला बघ. ठेव पाय. — ठेव गं. रोज सकाळी माझ्या पाया पडतीस, एक दिवस पाठीवर ठेवलास तर काय व्हईल? पाप लागंल? लागलं तर लागू दी, माझ्या नावावर लाव, माझं खातं मोठं हाय. — रडतीस कामून? पिशवी भरताना पण रडत व्हतीस, मी बघितलं, ती निळी साडी भिजवून ठेवलीस. मी गेले तर तुला दिवसभर ह्या घरात भिंतींसंगं बसावं लागंल, मला ठाव हाय. आन् मला — मला काय, मला तिथं करमंल. मेंढरासारखं पडून ऱ्हाईन. — नाय करमणार. झालं? काढून घेतलंस ना तोंडातून?

डावा नाय, उजवा. टाच नको, बोटं नको, मधला तळवा. कमरेच्या जरा वर, जिथं दुखतंय तिथं नाय, त्याच्या बाजूला. जोर अजिबात नाय करायचा, जोरानं काय व्हत नसतंय, ती फिजिओवाली आपल्या दोघींना मारंल. नुसता टेकव. पक्ष्यावाणी. — हां. — थंड पाय हाय तुझा. — थांब. हलू नको. — लई वर्सांनी कुणी — जाऊ दी.

आता बोल. मला ठाव हाय तुला बोलायचं जिवावर येतंय, पण हे मी माझं मला सांगू शकत नाय, तिथंच तर सगळं अडलंय. पुंजाराम म्हणला ते खरंच हाय, पाय पोचत नाय. तुझा पोचतोय. म्हण. — काय? माझ्या उंबऱ्याला पण ऐकू आलं नाय ते. पुन्हा. — "उठा आत्याबाई" नाय गं! पायाळू कुणाला अहो-जाहो करीत नाय, नानासाहेबांना पण मी ऊठच म्हणायचे. ऊठ, म्हण. मागं बघू नको, म्हण. चालू लाग. — पुन्हा. — हां.

हात नको देऊ. देऊ नको म्हणलं ना! चौकट हाय मला. — उंबरा. — थांब, श्वास घेते. — पहिली पायरी. — काय नाय मोडलं. — दुसरी. — ती मोटरसायकल कुणाची, पुंजारामची? माझ्या दारात लावतो, आन् मलाच हसतो. तिलाच धरून उतरते, एवढा तरी उपयोग. — तिसरी. — बघ. बघ उतरले. आता मला मागं बघायचं नाय, तो नियम हाय, मी लोकांना घालून दिलाय, मग मलाच मोडता येत नाय. त्या चार घरांपलीकडच्या कडुबाच्या दुकानापर्यंत जाते, काडीपेटी घेते, आन् येते. तू मागून येऊ नको. आलीस तर मला कळंल. तुझी जोडवी वाजत्यात.

—गाडी आली ना ती? पांढरी? त्याचीच हाय, हॉर्न ओळखते मी, लहानपणी रडायचा तसाच वाजवतो. येऊ दी. मी थांबत नाय. आता थांबले तर तुराटीची वाट बघत उभी राहीन. सायली, ऐक, मी मागं न बघता बोलायले. तो दारात तुला विचारंल, आई कुठंय. तू नेहमीसारखी पदर सावरत आत पळू नको. सांग त्याला — आत्याबाई दुकानाला गेल्यात. एवढंच. पण मोठ्यानं सांग. मला इथं ऐकू आलं पाहिजे, इथं लिंबाखाली.

—उतरला का? — विचारायलाय का? —

—हां! ऐकलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आता जा आत, आन् दिराला चहा टाक. साखर कमी टाक त्याला, मी येईपर्यंत गोड काय बोलू नको. जा!