वरनं दिसलेला बांध

हसताय काय? मी पॅराग्लायडिंग शिकणार म्हटल्यावर आमचे दीरबी असेच हसले होते. म्हणाले, "वैनी, या वयात हाडं मोडून घ्याल."

"मोडली तर माझीच मोडतील," मी म्हटलं.

शिकवणारे सर रोज ओरडायचे, "मावशी, खाली बघू नका! जिकडं बघाल तिकडंच जाल."

परवा टेकडीवरनं एकटी उडाले. खाली आमच्या आणि दिरांच्या शेतामधला बांध दिसला. दरसाली कोरून कोरून त्यांनी तो मधेच आमच्याकडं पार वाकवलेला! वॉकीटॉकीवर सर ओरडले, "समोर बघा!" मी मुद्दाम त्या वाकणाकडंच बघत राहिले आणि बरोब्बर बांधापलीकडं उतरले.

दीर धावत आले. "वैनी, माझ्या शेतात कशाला उतरलात?"

"माझ्याच शेतात उतरलेय, भावजी. पटत नसंल तर वरनं बघून या."