टचवुड, वहिनी!

करवतीने तुटलेलं बोट जोडलं गेलं, तर सुताराचा धंदा वाचणार होता. ऑपरेशन चालू होतं. बाहेर लाकडी बाकावर, माझ्या शेजारी, त्याची बायको आणि बहीण बसल्या होत्या.

“वहिनी, डॉक्टर म्हणाले, बोट जुळेल. टचवुड!”

“बाक कशाला बडवतेस?”

“इंग्रजी रीत आहे. चांगलं बोललं की लाकडाला हात लावायचा. दृष्ट लागत नाही.”

“लाकडालाच का?”

“नक्की कुणालाच ठाऊक नाही. काही म्हणतात, पूर्वी झाडात देव मानायचे.”

“अगं, तुझा दादा जन्मभर लाकडालाच हात लावतोय!”

“हात कसला, करवत लावतो. देव चिडला असेल.”

“सरक, मलाही हात लावू दे. देवा, रक्त घेतलंस, फिटंफाट झाली. बोट आमचं.”